सब-कॉन्ट्रॅक्टर तपासणीची गुणपद्धत: दहा महिने वापरल्यानंतर

मुख्य ठेकेदाराने काम देण्याआधी सब-कॉन्ट्रॅक्टरला (पोटठेकेदाराला) १०० पैकी गुण द्यायची पद्धत बांधकामात आता सर्रास दिसते. प्रश्नावली, तीन वर्षांचे अपघाताचे आकडे, सुरक्षेची कागदपत्रं, विम्याचं प्रमाणपत्र आणि शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा. दहा महिने सलग वापरल्यानंतरचं मत असं: कागद एका जागी गोळा करायला ही पद्धत चांगली आहे, पण निव्वळ गुणांवर निर्णय घेऊ नये. ती मागते ते कागद योग्यच असतात. ते एकमेकांशी आणि गेटवरच्या हजेरीशी ताडून पाहण्याचं काम मात्र ती करत नाही, आणि खरा धोका तिथेच सापडतो.

आधी आकड्यांबद्दल. सगळ्यात जास्त वजन टीआरआयआरला, म्हणजे नोंद करण्याजोग्या अपघातांच्या दराला, दिलेलं असतं: नोंद करण्याजोगे अपघात गुणिले २,००,०००, भागिले कामाचे एकूण तास. १०० कामगार, आठवड्याला ४० तास आणि वर्षाला ५० आठवडे धरून २,००,००० हा आकडा आला. आता दहा माणसांची गँग घ्या. तिचे वर्षाचे तास साधारण २०,०००. एकाच्या हाताला टाके पडले की दर थेट १०, कुणालाच काही झालं नाही तर ०. मधला आकडा येऊच शकत नाही. ती गँग सांभाळून काम करते की केवळ नशिबाने वाचली, हे यावरून कसं ठरवणार? तीन वर्षं एकत्र धरली तर त्याच एका अपघाताचा दर ३.३ होतो. हे थोडं बरं, पण छोट्या गँगसाठी या रकान्याचं वजन कमी करून ते प्रत्यक्ष कामाच्या पाहणीला द्यावं.

दुसरी गफलत एककाची. एलटीआयएफआर हा दुसरा अपघात दर १० लाख तासांवर मोजतात आणि त्यात कामाचा दिवस बुडालेल्या दुखापतीच धरतात. फॉर्ममध्ये नुसतं ‘अपघात दर’ लिहिलेलं असेल तर एकजण एक आकडा भरतो, दुसरा दुसरा, आणि यंत्रणा दोन्ही एकाच रांगेत लावते. म्हणून दर मागूच नये. अपघातांची संख्या आणि तास वेगवेगळे मागावेत, भागाकार आपण करावा. तासांना सरासरी माणसांनी भागून पाहणंही गरजेचं आहे. आठवड्याला ४० तासांचं काम असेल तर माणशी वर्षाला २,००० च्या आसपास यायला हवेत, ४८ तासांचं असेल तर २,४००. माणशी ३,५०० आले तर एक तर माणसं थकेपर्यंत राबवली जात आहेत, नाहीतर दर खाली दिसावा म्हणून तास फुगवले आहेत. त्याच्या खालच्या पोटठेकेदाराच्या माणसांचे तास धरले आणि त्यांचे अपघात वगळले, असंही होतं.

विम्याच्या भागात ही पद्धत सर्वात कच्ची आहे. प्रमाणपत्र अपलोड झालं, तारीख चालू आहे, की पूर्ण गुण. पण प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसी नव्हे. त्या दिवशी अशी पॉलिसी अस्तित्वात होती, एवढंच ते सांगतं. संरक्षण किती, हे शेड्यूल (पॉलिसीचा तपशील), एन्डॉर्समेंट (जोडलेले बदल) आणि एक्सक्लुजनची (वगळलेल्या गोष्टींची) पानं वाचल्याशिवाय कळत नाही. तीच पानं मागावीत, आणि आधी एक्सक्लुजन वाचावीत. ठरावीक उंचीवरचं काम, खोदकाम व जमिनीखालच्या वाहिन्या, वेल्डिंग-कटिंग, पोटठेक्याने दिलेलं काम: यातलं काही वगळलेलं असेल आणि आपण नेमकं तेच काम देत असू, तर त्या कामापुरती ती पॉलिसी नसल्यातच जमा. दर्शनी भागाला काच लावणाऱ्याच्या पॉलिसीत उंचीची मर्यादा असते आणि इमारत त्याच्या दुप्पट उंच असते. प्रमाणपत्रावर यातलं काहीच दिसत नाही.

मर्यादेची रक्कम पाहताना प्रत्येक घटनेची आणि वर्षाची एकूण अशा दोन्ही पाहाव्यात. एकूण मर्यादा त्याच्या सगळ्या साइट मिळून असेल, तर दुसऱ्या साइटवरच्या मोठ्या क्लेमने ती आपल्या कामाआधीच संपलेली असू शकते. डिडक्टिबल (क्लेममधला त्याने स्वतः भरायचा भाग) किती, तेवढी रक्कम भरायची त्याची ऐपत आहे का, हेही विचारावं. मुख्य ठेकेदाराचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून एन्डॉर्समेंटवर हवं. प्रमाणपत्राच्या शेऱ्यात लिहून भागत नाही. काम हस्तांतरित झाल्यानंतरच्या दाव्यांनाही ते लागू आहे का, हे वेगळं तपासावं.

कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी मात्र हजेरीपटाशेजारी ठेवूनच वाचावी. शेड्यूलमध्ये १२ कामगार आणि त्यांचं वार्षिक वेतन जाहीर केलेलं, गेट रजिस्टरमध्ये त्याच नावाखाली ३० माणसं. शेड्यूलवर कामाचं वर्णन ‘रंगकाम’, आणि माणसं परांची बांधताहेत. अशा वेळी अपघात झाला की क्लेमचा वाद माणसं किती आणि काम कोणतं, इथूनच सुरू होतो, आणि जखमीचं कुटुंब ताटकळतं. ही पडताळणी दर महिन्याला करावी. रजिस्टर हाताशी असेल तर अर्ध्या तासाचंही काम नाही.

सुरक्षेच्या कागदांत कॉपी ओळखणं सोपं आहे. मेथड स्टेटमेंटच्या (काम कसं करणार याच्या लेखी पद्धतीच्या) तळटीपेत जुन्या प्रकल्पाचं नाव राहिलेलं असतं, किंवा प्लास्टरच्या कामात चर खोदण्याचं प्रकरण येतं. टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधीच्या छोट्या सुरक्षा-चर्चेच्या) वहीत महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या असतील तर त्या एका बैठकीत केलेल्या आहेत. अपघात होता होता टळला अशा घटनांची वर्षभरात एकही नोंद नसेल तर काही गुणपद्धती पूर्ण गुण देतात. हे उलटं आहे. उंचीवर काम करणाऱ्या गँगमध्ये वर्षभर एकही पाना निसटला नाही, हे पटण्यासारखं नाही. तिथे कुणी सांगत नाही, किंवा सांगितलेलं कुणी लिहीत नाही.

प्रश्नावलीपेक्षा मुकादमाशी दहा मिनिटं बोलून जास्त कळतं. एक प्रश्न पुरेसा आहे: हार्नेस (अंगावरचा सुरक्षा पट्टा) अडकवून माणूस पडला, तर हूक अडकवलेल्या जागेपासून खाली किती मोकळी जागा लागते? लॅनयार्ड (हार्नेसपासून हूकपर्यंतची दोरी) १.८ मीटर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर (झटका शोषणारी घडी) उघडतो तो सुमारे १.१ मीटर, हार्नेसच्या मागच्या कडीपासून पायापर्यंत १.५, शिवाय राखीव १ मीटर. हे सगळं मिळून साधारण साडेपाच मीटर, तेही हूक कडीच्या उंचीवर अडकवलेला असेल तर. पायाशी अडकवला तर आणखी जास्त. जमिनीपासून चार मीटरवर हूक अडकवून शटरिंग करणाऱ्याला हाच लॅनयार्ड दिला, तर तो अडवण्याआधीच माणूस जमिनीवर आदळतो. हे ज्याला माहीत आहे तो तिथे आखूड पट्टा, पट्टा आपोआप मागे खेचणारा ब्लॉक किंवा कठडा मागतो. ज्याला माहीत नाही त्याच्या फाइलमध्ये ‘सर्वांना हार्नेस दिले’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यालाही गुण मिळतात.

मुख्य दोष सरासरीचा. कागदात ४० पैकी ३८ मिळवणारा विम्यात १० पैकी ० असला तरी एकूण गुणांत हिरवा राहतो. यावर उपाय म्हणून चार अटी गुणांच्या बाहेर काढाव्यात: कामाला लागू पडणारी पॉलिसी, जाहीर केलेल्या माणसांची संख्या, त्या कामाचा जाणकार पर्यवेक्षक नावानिशी, आणि गेल्या तीन वर्षांतल्या गंभीर अपघातांची लेखी कारणं व केलेले बदल. यातली एक जरी अपुरी असेल तरी बेरीज करायचीच नाही. इथे लगेच नकार द्यावा असंही नाही. आधी छोटं काम, जादा पर्यवेक्षक, दुरुस्त पॉलिसी येईपर्यंत उंचीवर मनाई, अशा अटी घालून चांगले लोक हातचे जात नाहीत.

रंगकाम आणि क्रेन या दोघांना एकच ९० प्रश्नांची यादी पाठवणं बंद करावं. सगळे थकतात आणि उत्तरं चिकटवतात. वर्षातून एकदा नूतनीकरणही पुरत नाही, कारण पॉलिसी कामाच्या मध्येच संपते. गेटपासची मुदत पॉलिसीच्या शेवटच्या तारखेला बांधली आणि ३० दिवस आधी सूचना ठेवली की हा प्रश्न बराचसा सुटतो.

पोटठेकेदाराच्या खालच्या पोटठेकेदारासाठी या पद्धतीत जागाच नाही. तपासणी एकाची होते, माणसं दुसऱ्याची येतात. त्यासाठी गेटवर वेगळी वही ठेवावी लागते: माणसाचं नाव, मुकादम कोण, पगार कोण देतो. तिसऱ्या रकान्यात मंजूर नावाऐवजी दुसरं नाव आलं, की त्या नावाच्या पॉलिसीचं शेड्यूल हातात येईपर्यंत पास छापायचा नाही.