ग्रीस भरलेला टर्बो

माझ्या मामांची १९९४ सालची टाटा सिएरा कराडजवळच्या त्यांच्या वस्तीवर अकरा वर्षे पत्र्याखाली उभी होती. मामा गेल्यानंतर मामेभावाने ती भंगारात द्यायचे ठरवले, तेव्हा मी ती ओढून साताऱ्याला आणली आणि घरामागच्या शेडमध्ये, कामातून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींना हाताशी घेऊन, रविवारी रविवारी तिचे काम सुरू केले. या कामात माझे ६८,००० रुपये एका माणसाने घेतले आणि नंतरच्या दुरुस्तीत आणखी ४१,००० गेले. घडले ते क्रमाने लिहितो आहे, कारण जुन्या डिझेल गाडीवर जीव लावणारा माणूस नेमका कोणत्या जागी हळवा असतो हे समोरच्याला पक्के ठाऊक होते आणि मला नव्हते.

सिएरा १९९१ मध्ये आली. पुढे दोन दारे, मागे एक, आणि मागच्या बाजूला छतापर्यंत वळत जाणारी अखंड काच, अशी गाडी तेव्हा आपल्याकडे दुसरी नव्हती. तिचे १९४८ सीसीचे डिझेल इंजिन मात्र पुढे सुमोमध्येही बसले, त्यामुळे लाइनर, पिस्टन, गॅसकेट, नोझल यांची आजही फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती काचेची, काचेच्या रबराची आणि आतल्या प्लास्टिकची. माझ्या गाडीची डावीकडची मागची काच वस्तीवर नारळाची झावळी पडून फुटली होती. दुसरे दुखणे ताकदीचे होते. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. बिनटर्बोची ही गाडी सत्तर अश्वशक्तीच्या आतली. मामांसोबत पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट आम्ही ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये कसा चढत असू, ते मला आठवते. कंपनीने नंतरच्या वर्षांत याच आकाराचे इंजिन टर्बोसह दिले होते, म्हणून आपल्यालाही ते जमेल असे वाटले. इंजिन मूळचे टर्बोसाठी बांधलेले नसल्यामुळे दाब अर्ध्या बारच्या वर न्यायचा नाही आणि एक्झॉस्टच्या उष्णतेचा काटा बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे मिस्त्रींनी आणि मी आधीच ठरवले होते. सांगायचे इतकेच की आम्ही अगदी आंधळेपणाने कामाला लागलो नव्हतो.

सुटे भाग शोधताना एका ओळखीच्याच्या ओळखीतून एक नंबर मिळाला. आपले मुंबईच्या एका उपनगरात जुन्या भागांचे दुकान आहे, असे पलीकडचा माणूस म्हणाला. त्याचा पहिला प्रश्न होता, ‘कोणती गाडी, साहेब?’ आणि मी सुटलो. इंजिन कोणते, मूळचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र आणणारा भाग) कसा आहे, टर्बोला तेल नेणारी नळी कुठून घ्यावी लागेल, दाब वाढेल तसे डिझेल वाढवणारी पडद्याची डबी इंजिनच्या डिझेल-पंपावर लागेल, डावीकडची काच हवी आहे, रबरासकट मिळाली तर फार बरे, असे सगळे मी जवळजवळ वीस मिनिटे सांगत राहिलो. तो मधूनमधून ‘बरोबर, साहेब’ एवढेच म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्याने फोटोंसह यादी पाठवली: टर्बो, मॅनिफोल्ड, तेलाच्या दोन्ही नळ्या, डबीसकट पंप, डावी काच, रबर. ती यादी वाचून इतका जाणकार माणूस आपल्याला भेटला याचा मला आनंद झाला. ती माझीच यादी होती, आणि मी ज्या क्रमाने बोललो होतो त्याच क्रमाने ती लिहिलेली होती, हे माझ्या लक्षात आले तोवर चार महिने उलटून गेले होते.

मी व्हिडिओ मागितला. त्यात एक बोट टर्बोचे पाते फिरवते आणि ते कितीतरी वेळ सुळसुळत राहते. मला तो पुरावा वाटला. झिजलेल्या बेअरिंगवरचा दांडाही तसाच मोकळा फिरतो, किंबहुना अधिकच मोकळा फिरतो, त्यामुळे त्या व्हिडिओला काडीचीही किंमत नव्हती. टर्बोवरची क्रमांकाची पट्टी त्यात एकदाही दिसत नव्हती आणि मीही ती दाखवा म्हटले नाही. पैसे तीन टप्प्यांत गेले: बयाणा ५,००० रुपये, नंतर ३०,०००, आणि माल ट्रान्सपोर्टला लावण्याआधी पॅकिंग व भाड्यासह ३३,०००. तिन्ही वेळा यूपीआयवर वेगवेगळी नावे आली, एकदा तर एका महिलेचे. ‘घरच्यांचे खाते आहे, साहेब,’ या उत्तरावर मी समाधान मानले. बिलही आले. त्यावरच्या जीएसटी क्रमांकाच्या सुरुवातीला ०७ होते, म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक तपासायला मिनिटभर लागले असते. माझ्या नोकरीत मी दुसऱ्यांची बिले तपासतो, हे लिहिताना आजही लाज वाटते.

लाकडी खोक्यातून माल आला, पण काच आली नाही. ‘काच फुटू नये म्हणून वेगळी पाठवतो,’ असा निरोप होता. टर्बोला चंदेरी रंगाचा ताजा हात मारलेला होता आणि आत, दांड्याभोवती, पिवळसर ग्रीस ठासून भरलेले होते. टर्बोचे बेअरिंग इंजिनच्या तेलावर चालते. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तिथे ग्रीसचे काही काम नाही. मिस्त्रींनी बोटावर ते ग्रीस घेतले, वास घेतला आणि म्हणाले, ‘सर, हे आधी डिझेलनं धुऊन बघू. टर्बोत ग्रीस कशाला?’ मी दुकानदाराला फोन लावला, त्याने गंज धरू नये म्हणून ते लावल्याचे सांगितले, आणि तेच मी मिस्त्रींना सांगितले. नव्या, कोरड्या टर्बोचा दांडा आडव्या अंगाने किंचित हलतोच, कारण बेअरिंग आणि दांडा यांच्यामध्ये तेलाच्या थरापुरती जागा ठेवलेली असते. लांबीच्या दिशेने मात्र त्याची हालचाल हाताला जेमतेम जाणवते. माझ्या हातातला दांडा कोणत्याच दिशेने तसूभरही हलत नव्हता. त्यावर तो अगदी नवा असल्याचा निष्कर्ष मी काढला, तर तो ग्रीसने अडकवून ठेवलेला होता. मिस्त्रींनी नंतर वाद घातला नाही. ते माझ्याकडे पाहत हात पुसत राहिले, ते मात्र विसरता येत नाही.

बसवायला आम्हाला तीन रविवार लागले. सुरू करण्याआधी टर्बोत तेल सोडले, डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर इंजिन फिरवून तेलाचा दाब आणला, सगळे रीतसर केले. पहिली आठ-दहा मिनिटे गाडी इतकी छान चालली की मी घरातल्यांना बाहेर बोलावले. तोवर इंजिन तापले होते आणि आतले ग्रीस वितळून गेले असावे. आधी निळसर धूर आला, मग इंजिनचा आवाज आपोआप चढू लागला. मी किल्ली फिरवली, तरी आवाज चढतच गेला. टर्बोतून गळणारे तेल हवेच्या नळीने थेट सिलिंडरमध्ये जात होते आणि इंजिन डिझेलऐवजी स्वतःचेच तेल जाळत पळत होते. अशा वेळी किल्लीचा उपयोग नसतो, हवा तोडावी लागते. शेड धुराने भरली, पत्रे थरथरू लागले. मिस्त्रींनी हवेची नळी उपसून काढली, ज्या लाकडी पाटावर बसून ते काम करायचे तो पाट उचलला आणि टर्बोच्या तोंडावर दाबून धरला. पाच-सहा सेकंदांत इंजिन धक्का देऊन थांबले. त्या तोंडावर हात किंवा फडके धरले असते तर काय झाले असते, याचा विचार मी अजूनही टाळतो. डिपस्टिकवर तेल दिसेनासे झाले होते, आणि इंजिन खोलल्यावर कनेक्टिंग रॉडची दोन बेअरिंगे ओरखडलेली निघाली.

दुकानदाराने दोष आमच्या माथी मारला: तेल परत नेणारी नळी चुकीची बसवली म्हणून टर्बो तेल ओकला. हे कारण खरेही असू शकते. ती नळी दबली किंवा तिचे तोंड संपमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी असलेल्या भांड्यातल्या, तेलात बुडाले की असेच होते. आमची नळी सरळ उतरत होती आणि तेलाच्या पातळीच्या बरीच वर जोडलेली होती, तिचे फोटो आम्ही बसवतानाच काढले होते. तरी खात्रीसाठी टर्बो पुण्यात केवळ टर्बोचेच काम करणाऱ्या एका कारागिराकडे नेला. त्याने तो माझ्यासमोर उघडला. दांड्यावर नखाला लागतील असे चरे होते, हवेच्या बाजूचे पाते दुसऱ्याच मॉडेलचे होते आणि क्रमांकाची पट्टी उपटून नव्या रिव्हेटने ठोकलेली होती. डिझेलचा पंप कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवायला दिला, तेव्हा तिथल्या माणसाने वरची डबी खोलून मला आत पाहायला सांगितले. आत पडदाच नव्हता. नुसते झाकण आवळलेले होते. दोघांकडूनही मी लेखी घेतले.

ते कागद पाठवल्यावर दुकानदाराचे एकच उत्तर आले: ‘टर्बो लावायला आरटीओची परवानगी घेतली होती का?’ त्यानंतर तो नंबर बंद झाला. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही, हे मला ठाऊक होते. आधी गाडी चालते का ते पाहू, मग आरटीओ कार्यालयात विचारू, अशी चालढकल मी केली होती. त्या एका वाक्याने मी पंधरा दिवस गप्प बसलो. गाडी शेडबाहेर गेलेलीच नव्हती आणि माझ्या चालढकलीने त्याची लबाडी माफ होत नव्हती, हे समजायला मला एका वकील मित्राची गरज पडली. तोवर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करण्याची वेळ बरीचशी निघून गेली होती. पैसे खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात, माझे कधीच पुढे सरकले होते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला की माल तर मिळाला आहे ना? त्या माणसाची खरी हुशारी इथे होती. काहीच पाठवले नसते तर ती सरळ फसवणूक ठरली असती. वजनदार खोके पाठवल्यामुळे ते मालाच्या दर्जाचे भांडण दिसू लागले. बनावट पट्टी, रिकामी डबी, खोटा जीएसटी क्रमांक आणि न आलेली काच, या चार गोष्टी दोन्ही लेखी अहवालांसह मांडल्या तेव्हा कुठे अर्ज घेतला गेला. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

आता कोणताही भाग घेताना मला काय हवे आहे ते मी आधी सांगत नाही. तुमच्याकडे काय आहे, पट्टीवर क्रमांक काय आहे, हे विचारतो आणि थांबतो. व्हिडिओत भागाशेजारी माझे नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगतो, आणि दांडा फिरवून नव्हे, तर मागेपुढे ढकलून दाखवा म्हणतो. यातच तीन जणांनी फोन ठेवले.

इंजिन पुन्हा बांधून झाले आहे, बिनटर्बोचेच, आणि दुसऱ्या गिअरमध्ये का होईना घाट चढते. डाव्या काचेच्या जागी वाकवलेला अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आहे, तो साठच्या वेगाला तडतडतो. सिएराची डावीकडची मागची काच कोणाकडे असेल तर मी टेप घेऊन स्वतः पाहायला येईन, कितीही लांब असो. बयाणा मात्र पाठवणार नाही.