पद्मिनीच्या सीटा: ऑनलाइन किट घ्यावं का आपल्याकडंच शिवून घ्यावं?

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाईय त्यांनी इथूनच कटावं. जुन्या फियाट-पद्मिनीसाठी ऑनलाइन जे 'ओरिजिनल टाइप' म्हणून सीट कव्हरचं रेडिमेड किट विकायलेत त्याला पाचपैकी दीड स्टार, आणि संभाजीनगरला मोंढा नाक्याच्या आतल्या अंगाला रिक्षाचे हूड शिवणारं जे जुनं दुकान आहे त्याला चार. पाचवा का कापला ते खाली येईलच.

गाडी 1978 ची पद्मिनी, चुलत्यांची, जालन्यात वाड्याच्या ढेलजेत कितीतरी वर्षं ताडपत्री पांघरून उभी. इंजिनाचं काम झालं, पत्र्याचं झालं, रंग झाला, आणि मग आत बघावं तर रेग्झिन पापडावाणी कडक होऊन चिरलेलं आणि खालच्या काथ्यात उंदरांनी संसार मांडलेला. पुढची सीट एकसंध लांब, कारण गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. आता कुणी म्हणेल उगं कशाला एवढं डोकं खायचं, टाक कुठलंबी कव्हर. पण 2021 ला केंद्राचा नियम आला ना, पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात, त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली पाहिजे. आमची 2028 ला पन्नास पूर्ण करणार. तेव्हा आत मधमाशीच्या पोळ्याचं डिझाइन आणि लाल दोऱ्याची शिलाई मला नको होती.

अडचण अशी की आपल्या देशी फियाटला या बाबतीत कुणी वालीच नाही. मॉरिस मायनर नाहीतर एमजी असती तर इंग्लंडात न्यूटन कमर्शियलसारखी कंपनी आहे, जुन्या नमुन्याबरहुकूम आतलं सामान बनवून देते, बीटल असली तर अमेरिकेत टीएमआय आहे. आपली पद्मिनी बनवणारी प्रीमियर कंपनी मुंबईतल्या कुर्ल्याची, तिनं ही गाडी काढायची बंद करून वीस वर्षांच्या वर झाले, आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीपण संपल्या. बाजारात पद्मिनीचं म्हणून जे कव्हर फिरतं ते बहुतेक टॅक्सीवाल्यांच्या हिशोबानं काढलेलं, टिकाऊ असलं की झालं, मूळचं कसं होतं याच्याशी कुणाला काय घेणं.

तर पहिल्यांदा ते किट मागवलं. विक्रेता उत्तरेकडचा, नाव घेत नाही. चौदा हजारच्या आसपास बसलं, फोटोत एकदम झकास. खोकं उघडलं तर रंग फोटोत लालसर तपकिरी आणि हातात वांग्याचा. बरं रंगाचं एकवेळ सोडून देऊ, मोबाइलच्या स्क्रीनवर रंग बघून रेग्झिन घेऊच नये, पण मूळ सीटवर मधल्या भागात ज्या उभ्या पट्ट्या आहेत त्या शिवलेल्या, आत पातळ भरण घालून, त्यामुळं बोटाला उंचसखल लागतात, आणि किटात त्या निस्त्या गरम साच्यानं दाबून उमटवलेल्या. लांबून सारख्या दिसतात, बसून बसून सपाट होणार. मागच्या सीटचं कव्हर कोपऱ्यावर दोन बोटं कमी पडलं, कारण ते बहुतेक नंतरच्या मॉडेलच्या मापाचं. फोन केला तर म्हणे खेचून बसवा, सेट होतंय. परत घ्यायचं म्हणलं तर पॅकिंग फोडलंय म्हणून नाही. पॅकिंग न फोडता कव्हर बसवायची विद्या त्यांनाच ठाऊक.

मालाबद्दल थोडं सांगतो कारण इथंच लोक फसायलेत. दुकानात सगळ्याला रेग्झिनच म्हणतात पण आत दोन जाती आहेत, पीव्हीसी आणि पीयू. पीयू मऊ, हाताला चामड्यासारखं, बघितल्याबरोबर आवडतं, पण दमट हवा आणि घामानं काही वर्षांत त्याचा वरचा पापुद्रा सुटायला लागतो, घरातल्या सोफ्याचं झालेलं सगळ्यांनी पाहिलंच असेल. पीव्हीसी जरा कडक, उन्हाळ्यात चटके देतं, पण टिकतं. आणि 1978 च्या गाडीला मुळात तेच होतं. त्याचा शत्रू ऊन, उष्णतेनं त्यातला मऊपणा देणारा पदार्थ हळूहळू निघून जातो आणि मग ते चिरतं. आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, बंद गाडीत तर विचारूच नका. म्हणून काचेला पडदा, नाहीतर सीटवर साधी सुती चादर. आणि ते चकचकीत करायचं पॉलिश, थिनर, पेट्रोल असलं काही लावायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं बास.

आता दुकान. तिथं रोजचं काम म्हणजे रिक्षाचे हूड, ट्रॅक्टरच्या सीटा, काळी-पिवळीची बाकडी, लग्नसराईत मंडपवाल्यांच्या गाद्या. जुन्या गाडीचं काम महिन्याकाठी एखादं येत असेल नसेल. चालवतात ते चाचा साठीच्या पुढचे, आणि पोरगा वाळूजला सीटच्या कंपनीत काम करून आलेला, त्यामुळं दुकानात एक चांगली मशीन आहे, जिचा वरून दाबणारा पायसुद्धा कपड्यासोबत पुढं चालतो. हे महत्त्वाचंय. साध्या मशीनवर जाड रेग्झिनचे दोन थर शिवले की खालचा थर पुढं पळतो आणि वरचा मागं राहतो, मग पट्टी तिरकी जाते. दुकान निवडताना ती मशीन आहे का एवढं नक्की विचारा.

मी ते किट घेऊनच गेलो होतो, म्हणलं हेच जरा बसवून द्या. चाचांनी हातात घेतलं, उलटं केलं, पाठीमागचं कापड बघितलं आणि बाजूला ठेवून दिलं. "ये नक्को भाऊ, पुराना कवर लाए क्या?" जुनं कव्हर मी नशिबानं फेकलं नव्हतं, गोणीत भरून डिकीत होतं. त्यांनी ते फरशीवर पसरलं आणि ब्लेडनं एकेक शिलाई उसवायला बसले, फाडलं नाही कुठं, उसवलं. प्रत्येक तुकड्याला खडूनं नंबर, कडेला जिथं दोन तुकडे जुळतात तिथं बारीक खाच. मग सीटच्या खाली दुमडलेली जी कड असते, जिला जवळपास पन्नास वर्षांत ऊनच लागलं नाही, ती उलगडून माझ्यापुढं धरली आणि म्हणले खरा रंग हा. मी इतकी वर्षं ज्याला चॉकलेटी समजत होतो ती गाडी आतून चांगली लाल होती राव. तो दोन इंचाचा तुकडा कापून घेऊन पोरगा मुंबईला मालाला गेला तेव्हा घेऊन आला जवळपास तसाच रंग, तंतोतंत नाही, दाणा उलसा बारीक आहे, पण शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

पाठीमागचं कापड ते का बघत होते ते नंतर कळलं. आजकालच्या बऱ्याच रेग्झिनला मागं विणलेलं, ताणणारं, बनियनसारखं कापड असतं, ते कोपऱ्यावर छान बसतं पण सरळ पट्ट्यांत लाटा येतात. जुन्याला मागं साधं सुती कापड, ताण नाही, पट्टी रेघेत राहते. त्यांनी मग मधला भाग एका मालाचा आणि कोपऱ्याच्या बाजू दुसऱ्या मालाच्या, रंग एकच, असं केलं. असलं डोकं कुठल्या किटात येणारय?

टाक्याचं पण असंच. पोरानं पहिल्या पट्टीला बारीक टाका घातला होता, दिसायला सुरेख. चाचांनी उसवायला लावला. रेग्झिनवर टाके जवळजवळ पडले की भोकांची ओळ तयार होते आणि पोस्टाच्या तिकिटासारखं तिथूनच फाटतं. इंचाला पाच-सहा टाके, जाड नायलॉन दोरा, बास.

आतलं सामान मात्र लोक विसरतात, आणि माझ्या मते निम्मं काम तिथंय. स्प्रिंगा काढून घासून रंगवल्या, दोन तुटक्या वेल्डिंग केल्या. त्यावर नवं बारदान, त्यावर काथ्याचा थर, वर इंचभर चाळीस डेन्सिटीचा, म्हणजे चांगला घट्ट, फोम. दुसऱ्या एका दुकानात मला चार इंची फोमचा सल्ला मिळाला होता, एकदम सोफ्यागत होईल म्हणे. होईल की, पण माणूस वर उचलला जातो, गुडघे स्टेअरिंगला आणि डोकं छताला. आणि स्प्रिंगवर डायरेक्ट फोम टाकला तर स्प्रिंग त्याला खालून कापत जाते, मधे बारदान पाहिजेच.

छताचं अस्तर मे महिन्याच्या दुपारी बसवलं. मला वाटलं एवढ्या उन्हात कशाला, पण ते मुद्दाम. ते अस्तर लोखंडी कांबींवर लटकतं आणि कडेनं एसआर, म्हणजे रबरी गोंद, लावून ताणतात, गरम असताना मऊ राहतं, चांगलं ताणून बसतं, एकपण सुरकुती राहिली नाही. मराठवाड्याच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग झाला म्हणायचा. दाराच्या पॅडचे हार्डबोर्ड फुगले होते ते जुन्यावर ठेवून नवे कापले, आणि आत पत्र्यावर प्लास्टिक चिकटवलं, कारण काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच आणि पॅड फुगतं ते त्यामुळं. हे प्लास्टिक बरेच कारागीर घालतच नाहीत.

आता एक स्टार का कापला. एक, तारीख. "जुम्मे के बाद ले जाओ" म्हणणार आणि कुठला जुम्मा ते सांगणार नाहीत. मधे रमजान आला, मग लग्नसराईच्या गाद्या आल्या, आमच्या सीटा कोपऱ्यात धूळ खात. फोन उचलत नाहीत, उचलला तर पोरगा म्हणतो अब्बा नमाजला गेलेत. जालन्याहून साठेक किलोमीटर जाऊन बघावं तर काम तसंच. दोन, मागच्या सीटच्या पाठीला मधली पट्टी बोटभर डावीकडं सरकलीय. दाखवल्यावर चाचा हसले आणि म्हणले मागं कोण बघतंय. मी बघतो ना चाचा, आरशात रोज! बदलून देतो म्हणलेत, बघू. तीन, पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब. आणि पोराला सारखं काहीतरी मॉडर्न करायचं असतं, दोनदा विचारलं हेडरेस्ट लावू का म्हणून.

खर्च सगळा धरून सव्वीस-सत्तावीस हजार, त्यात रेग्झिन, फोम, छत, चारी दारं, पुढची-मागची सीट. किटचे चौदा हजार फक्त सीटच्या कव्हराचे होते हे ध्यानात घ्या, बसवायची मजुरी वेगळीच. ते किट आता मेव्हण्यांच्या टेम्पोत कापून-जोडून बसवलंय, तिथं शोभायलंय.

पायाखालचं रबरी मॅट अजून राहिलंय. काळं, बारीक रेघांचं, मूळचं. नवीन कुठंच नाही, पुण्याला नाना पेठेत विचारलं, कार्पेट घाला म्हणतात सगळे. कुणाच्या अडगळीत फाटकं जरी पडलेलं असलं तर सांगा, माप घेऊन कापून घेता येईल.

जाणार असाल तर जुनं कव्हर कितीबी फाटलेलं असू द्या, सोबत न्या, ते नसलं तर काम हातात घेत नाहीत. ॲडव्हान्स अर्ध्याच्या वर देऊ नका, नाहीतर तुमच्या सीटा गाद्यांच्या खाली जातील. आणि शुक्रवारी जाऊ नका, बंद असतं, रविवारी चालू.