डाव्या खांद्यावरची खूण

मी दत्तक आहे. जन्मदात्या आईला शोधायचं हे ठरवायलाच मला कित्येक वर्षं लागली आणि ठरवल्यावर मात्र एक दिवसही थांबवेना. ही घाईच त्या माणसाने हेरली. तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल, तर कृपा करून हे वाचा.

दत्तक गेलेल्यांची नाती शोधून देतो, असं तो सांगायचा. पहिल्याच फोनवर इतक्या मायेने विचारपूस केली की मी सगळं सांगून बसले. जन्मतारीख, संस्था, कागदावर काय आहे, काय नाही. खांद्यावर जन्मखूण आहे म्हटल्यावर त्याने फोटो मागितला. मी आरशासमोर उभी राहून काढला आणि फक्त खांदा दिसेल एवढा कापून पाठवला.

पंधरा दिवसांत फोन आला, “आई सापडली.” मग पैसे सुरू झाले. आधी कागद काढायला, मग कुणाचं तरी तोंड बंद ठेवायला, मग तिच्या औषधांना. संस्थेत जाऊ नका, फाइल केव्हाच नष्ट झाली, बोभाटा झाला तर तिचा संसार मोडेल, असं तो बजावायचा. त्या शेवटच्या वाक्यापुढे माझं डोकंच चालेना. घरी आईलासुद्धा काही बोलले नाही.

चाचणी करू या म्हटलं, तर दोन दिवसांत तयार अहवालच आला: ‘९९ टक्के डीएनए जुळतो.’ मुळात माझा नमुना कुणी घेतलाच नव्हता, हेही मला तेव्हा सुचलं नाही. जगातल्या कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. नातं बघतात ते उरलेल्या फरकांवरून. त्या हिशोबात आई आणि मूल निम्मं जुळतं, आई किंवा वडील एकच असलेली भावंडं साधारण पाव, मावस-चुलत भावंडं आठवा हिस्सा. पाव तर सख्ख्या मावशीशीही जुळतं, म्हणून नुसत्या आकड्यावर नातं ठरत नाही, वय आणि कागदही ताडावे लागतात. पालकत्वाच्या खऱ्या अहवालात ९९.९९ असा आकडा असतो, पण ती नात्याची शक्यता असते.

मग एका रात्री त्याने ‘तिच्याशी’ बोलणं करून दिलं. थकलेला आवाज. ती रडली, मी रडले. म्हणाली, “बाळा, डाव्या खांद्यावरचा डाग आहे का गं अजून?” मी हुंदके देत हो म्हटलं. फोन ठेवला आणि हात आपसूक खांद्यावर गेला. उजव्या. माझी खूण उजव्या खांद्यावर आहे. डावीकडे ती फक्त त्या फोटोत दिसते, आरशातल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे गेले ते गेले, पण तो आवाज अजून कानातून जात नाही.

शेवटी आईला सांगितलं. ती ओरडली नाही, माझ्याबरोबर संस्थेत आली. फाइल जागेवर होती. (दुसऱ्या देशात दत्तक गेलेल्यांसाठी तर १९९३ च्या हेग करारानेच मुलाच्या जन्मदात्यांची माहिती जपून ठेवणं सदस्य देशांवर बंधनकारक केलं आहे, तेव्हा ‘फाइल नष्ट झाली’ हे कुणा मध्यस्थाच्या तोंडून ऐकून गप्प बसू नका.) आता समुपदेशक आधी जन्मदात्या आईला विचारतील. ती नाहीही म्हणू शकते. अर्जात मी खुणेबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.