आम्ही पोटभाडेकरू झालो

फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सकाळी साडेआठची रिजेक्शन मीटिंग म्हणजे रोजचं भांडण. मोल्डिंगवाले म्हणतात मेटल थंड होतं, मेल्टिंगवाले म्हणतात वाळूत ओल होती, कोअर शॉपवाले खाली बघतात. ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमधलं हवेचं भोक, कोणाच्या पदरात घालायचं यासाठी प्रत्येकाकडे स्वतःची एक्सेल, आणि दोन एक्सेल कधी जुळत नाहीत. कोल्हापूरच्या एमआयडीसीत हे दृश्य घरोघरी आहे. आमच्याकडेही होतं.

मी प्लॅनिंग आणि एमआयएस, म्हणजे मालकांसाठीचे आकडे आणि रिपोर्ट, बघतो. २०२४च्या पावसाळ्यात पॉवर बीआय डेस्कटॉप उतरवून घेतलं. आकड्यांचे हलते आलेख बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. ईआरपीच्या, म्हणजे कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, डेटाबेसला जोडलं आणि हीट नंबरवार (भट्टीच्या प्रत्येक घाण्यावार) रिजेक्शन, पार्टीवार डिस्पॅच, टनामागे किती युनिट जळले असे रिपोर्ट बनवले. रोज सकाळी त्यांची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचो. दिवाळीनंतर मालक म्हणाले, "हे चित्र नको. माझ्या मोबाइलवर बोट लावलं की हललं पायजे."

इथून लायसन्सचं प्रकरण सुरू झालं. रिपोर्ट बनवणं फुकट, पण ऑनलाइन टाकून इतरांना दाखवायचा तर बनवणाऱ्याला प्रो लायसन्स लागतं आणि नुसतं बघणाऱ्यालाही लागतं. बघणाऱ्यांना फुकट दाखवायची सोय आहे, पण ती मायक्रोसॉफ्टकडून मोठी कपॅसिटी, म्हणजे राखीव सर्व्हरची ताकद, घेणाऱ्यांना, एफ६४ या मापाची किंवा त्याच्या वर. तिचं बिल महिन्याला हजारो डॉलर. आमच्यासारख्यांनी तो विचार करायचा नाही. यादी केली तर मालक, धाकटे मालक, शिफ्ट इन्चार्ज, क्वालिटी, डिस्पॅच, अकाउंट्स धरून चौदा माणसं निघाली.

प्रोचा दर तेव्हा माणशी महिना १० डॉलर. शहरातल्या एका अधिकृत विक्रेत्याने चौदा जणांचं वर्षाचं कोटेशन दिलं, जीएसटी सोडून दीड लाखाच्या आसपास. शिवाय अट अशी की वर्षाचा करार झाला की रद्द करायला किंवा संख्या कमी करायला सात दिवस, नंतर वर्षभर एकही लायसन्स कमी होणार नाही. मालकांनी कोटेशन उलटं ठेवलं. मला तो विक्रेता लुटारू वाटला, हे इथे कबूल करतो. पुढे त्याच्याच दारात जावं लागलं.

मार्च २०२५च्या पहिल्या आठवड्यात ओळखीतल्या एकाने एक नंबर दिला. पलीकडचा माणूस पुण्याचा, बोलणं गोड, प्रत्येक वाक्यात दोनदा सर. त्याने आधी मला बातमी दिली: १ एप्रिलपासून प्रोचा दर १० वरून १४ डॉलर होणार. मी तपासलं, बातमी शंभर टक्के खरी होती. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. माणूस खरं बोलतो अशी माझी खात्री त्या एका बातमीने झाली. त्याच्या बाकीच्या बोलण्यातलं मग मी काहीच तपासलं नाही.

ऑफर अशी: माणशी ९,००० रुपये, तीन वर्षांचे. म्हणजे पहिल्या विक्रेत्याच्या एका वर्षापेक्षाही कमी. इतकं स्वस्त कसं, असं विचारलं तर म्हणाला, "सर, आमचा बल्क कोटा असतो, ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो." मार्च एन्डला कोणाचं तरी काहीतरी संपवायचं असतंच, त्यामुळे पटलं. चौदा जणांचे १,२६,०००, त्यावर अठरा टक्के जीएसटी २२,६८०. एकूण १,४८,६८० रुपये.

आता जे लिहितो ते जरा सावकाश वाचा, कारण सगळी गोम इथे आहे. पहिल्या विक्रेत्याने पहिल्याच फोनवर विचारलं होतं, तुमचं टेनंट कोणतं? मला तेव्हा शब्दही माहीत नव्हता. टेनंट म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या आवारातलं तुमच्या कंपनीचं स्वतःचं घर: त्यात तुमचे युजर, तुमचा डेटा, आणि किल्ल्या तुमच्या अ‍ॅडमिनकडे. खरा विक्रेता एक लिंक पाठवतो, ती तुमच्या अ‍ॅडमिनने मान्य करायची, मग लायसन्स तुमच्या घरात येऊन पडतात. अ‍ॅडमिन सेंटरच्या बिलिंगमध्ये किती घेतली आणि किती वाटली ते आकड्यांत दिसतं. पुण्याच्या माणसाने टेनंटचं नावही काढलं नाही. "तुम्हाला काही करायचं नाही सर, सगळं मी रेडी करून देतो." मला ती सेवा वाटली. त्याला घर विचारायची गरजच नव्हती, कारण तो आम्हाला आमच्या घरी काही देणार नव्हता. दुसऱ्याच्या घरात चौदा कॉट टाकून देणार होता.

इंग्रजीत टेनंट म्हणजे भाडेकरू. या धंद्यात मात्र टेनंट म्हणजे घर, आणि आम्ही झालो त्यातले पोटभाडेकरू.

१२ मार्चला एनईएफटी केलं. खातं एका व्यक्तीच्या नावाचं होतं. "प्रोप्रायटरशिप आहे सर." दुसऱ्या दिवशी चौदा आयडी आले, शेवटी कुठलंसं अनोळखी नाव आणि ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम. आमच्या कंपनीच्या मेलवर का नाहीत? "मायग्रेशन चालू आहे, महिनाभरात शिफ्ट करून देतो." लॉगिन केलं, प्रो असं दिसलं. मालकांच्या मोबाइलवर रिजेक्शनचा आलेख हलला. त्या दिवशी मला चहाबरोबर भडंगही मिळाली.

बिल आलं. त्यावर पॉवर बीआय नाही, लायसन्स नाही, संख्या नाही. नुसतं आयटी सपोर्ट चार्जेस, सीजीएसटी नऊ, एसजीएसटी नऊ. मी बघितलं आणि फाइलला लावलं. पुढे तक्रार करायला गेलो तेव्हा या तीन शब्दांची किंमत कळली. आम्ही लायसन्स विकत घेतली याचा कागदावर पुरावाच नव्हता, होते ते व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, आणि त्यातले अर्धे त्याने पाठवून लगेच डिलीट केलेले.

आमच्या अकाउंट्सच्या मॅडम मात्र शांत बसल्या नाहीत. १४ एप्रिलनंतर मार्चचं २बी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरचं आपल्या खरेदीच्या बिलांचं विवरण, काढलं तर हे बिल त्यात नाही. पुरवठादाराने स्वतःच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं तरच आपल्या २बीत येतं, आणि तिथे आलं तरच भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं. फोन केला. तो म्हणाला, "आमचं क्वार्टरली असतं मॅडम." मॅडमनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, "मार्च हा क्वार्टरचा शेवटचाच महिना आहे. क्वार्टरलीवाल्यांचीही तारीख १३ एप्रिलला गेली." मग त्यांनी जीएसटी पोर्टलवर त्याचा नंबर टाकून बघितला. तिथे लॉगिनही लागत नाही, सर्च टॅक्सपेयरमध्ये पंधरा अक्षरं टाकायची, बस. नोंदणी आधीच रद्द झालेली होती. नंबर खरा, महाराष्ट्राचा २७ने सुरू होणारा, पण मेलेला.

म्हणजे एप्रिलच्या मध्यालाच सगळं समोर आलं होतं. मॅडमनी क्रेडिट घेतलं नाही म्हणून २२,६८० वर व्याजाची भानगड तरी टळली. आणि मी? मी म्हणालो, "टॅक्समध्ये गडबड असेल, पण माल तर चांगला आहे ना, चालतोय की." हे वाक्य मॅडम अजून मला ऐकवतात.

मे महिन्यात दुसरी खूण दिसली. डिस्पॅचच्या माणसाला एक रिपोर्ट शेअर करत होतो. नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली की यादी खाली येते. यादीत एक नाव आलं, आमच्याकडे त्या नावाचं कोणीच नाही. दुसरी अक्षरं टाकून बघितली, आणखी अनोळखी. शोधत शोधत दहा सापडले. पुण्याला विचारलं तर उत्तर तयार: "आमचे टेस्टिंगचे लोक आहेत सर."

सोमवार, २३ जून. साडेआठची मीटिंग. मालकांनी मोबाइलवर बोट लावलं आणि आलेखाच्या जागी सूचना आली, रिपोर्ट पाहायला प्रो लायसन्स लागेल. चौदाही जणांना तेच. पुण्याचा फोन बंद. एकशे दोन दिवस चाललं, तीन वर्षांतले.

आठवडाभरात आयडीही चालेनासे झाले. पण त्याआधी, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते मी केलं: माय अकाउंटच्या पानावर जाऊन सबस्क्रिप्शन्समध्ये लायसन्सचं नाव वाचलं. ई५ डेव्हलपर. म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना प्रयोगासाठी मायक्रोसॉफ्ट देतं ते टेनंट. त्यात पंचवीस युजर, मुदत नव्वद दिवस, खरोखरचं काम चालू असेल तर वाढवून मिळते. धंद्यासाठी वापरायला परवानगी नाही, विकायला तर नाहीच. ई५मध्ये पॉवर बीआय प्रो आतच असतं, म्हणून आमच्या आयडीपुढे प्रो दिसत होतं. प्रो खरंच होतं, फक्त आमचं नव्हतं. २०२४च्या सुरुवातीपासून हे टेनंट कोणालाही सरसकट देणं बंद झालंय, त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी उरली आहेत त्यांना ती अशी कॉट-कॉटने विकायचा मोह होतो. आम्ही चौदा, ते दहा, आणि एक अ‍ॅडमिन. पंचवीस. हिशेब चोख होता.

पैशांचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. खरी धडधड नंतर सुरू झाली. रिपोर्ट ताजे राहावेत म्हणून आमच्या सर्व्हरवर गेटवे, म्हणजे डेटाबेसमधले आकडे ऑनलाइन रिपोर्टला पोचवणारा प्रोग्रॅम, बसवला होता, आणि तो बसवताना लॉगिन केलं होतं त्या पुण्याच्या आयडीने. म्हणजे आमच्या कारखान्यातला गेटवे त्याच्या टेनंटमध्ये नोंदलेला. त्या टेनंटचा अ‍ॅडमिन आमच्यापैकी कोणाचाही पासवर्ड बदलून आमच्या नावाने आत येऊ शकत होता, रिपोर्ट उघडू शकत होता. रिपोर्टांत पार्टीवार रेट होते. आणि गेटवेला डेटाबेसचा जो पासवर्ड दिला होता तो नुसता वाचण्याचा नव्हे, एसए, म्हणजे सर्व्हरची मास्टर किल्ली. ती मीच दिली होती. ईआरपी बसवणाऱ्याने वर्षांपूर्वी दिलेला तोच पासवर्ड, कंटाळा म्हणून.

कोणी पाहिलं का? याचं उत्तर मिळायची वाट नाही. कोण कधी आत आलं याच्या नोंदी अ‍ॅडमिनला दिसतात, आणि अ‍ॅडमिन तो.

हे ध्यानात आलं त्याच दुपारी गेटवे काढला, एसएचा पासवर्ड बदलला, फक्त वाचू शकणारा वेगळा युजर केला. अकरापैकी आठ रिपोर्टांच्या मूळ फाइली माझ्या मशीनवर होत्या. तीन ब्राउझरमध्येच बनवले, सुधारले होते, ते गेले. कोअर शॉपच्या इन्चार्जने तीन महिने खपून लावलेली कारणांची वर्गवारी त्यात होती. तो काही बोलला नाही, पुन्हा एक्सेल उघडली.

सर्वात अवघड काम एका मोठ्या पार्टीला पत्र लिहिण्याचं. त्यांच्याशी आमचा गोपनीयतेचा करार आहे, रेट बाहेर जाता कामा नयेत. मालक म्हणाले, लपवायचं नाही. पत्राचे चार मसुदे झाले. त्यांचे लोक येऊन सर्व्हर बघून गेले, ऑर्डर राहिली, पण त्या पंधरा दिवसांत मी नीट जेवलो नाही.

१९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे गेल्या गेल्या काही तासांत कळवलं तर खात्यात अडवता येतात, शंभर दिवसांनी नव्हे. तक्रार लिहून घेणाऱ्या साहेबांनी बिल बघून साधा प्रश्न विचारला: "सपोर्ट चार्जेस लिहिलंय. सपोर्ट मिळाला होता ना?"

मग पहिल्या विक्रेत्याकडे गेलो. त्याने टोमणा मारला नाही, हे त्याचं मोठेपण. आमच्या डोमेनवर, म्हणजे कंपनीच्या मेलमधल्या @ नंतरच्या नावावर, टेनंट उघडलं, त्या डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये एक नोंद टाकून डोमेन आमचं असल्याचं सिद्ध केलं, अ‍ॅडमिनच्या किल्ल्या मी आणि धाकटे मालक अशा दोघांकडे ठेवल्या. दर आता १४ डॉलर झाला होता. पुन्हा यादी काढली तर बोट लावून बघणारे खरे नऊच जण निघाले, बाकी पाच जणांना पीडीएफ पुरते. ही यादी मार्चमध्ये केली असती तर पुण्याला फोन करायची वेळच आली नसती बहुतेक.

राहिले ते दहा अनोळखी. त्यांच्यातल्या एकाने आपल्या नावापुढे कंपनीचं नाव लावलं होतं, ते मी आयडी बंद व्हायच्या आत टिपून ठेवलेलं. शोधून फोन केला. राजकोटकडचा पंपांचा कारखाना निघाला. पलीकडचे गृहस्थ हिंदीत म्हणाले, अच्छा, तुम्हीच ते कास्टिंगवाले. यादीत तुमची नावं दिसायची, आम्हाला सांगितलं होतं की टेस्टिंगचे लोक आहेत. थोडा वेळ दोघंही हसलो. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला कितीला दिलं?

मी सांगितलं, नऊ हजार.

ते जरा थांबले. "हमको तो साढ़े छह में दिया था."