डिफ लॉक की ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोल?

भाचा अडकलाय मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा या दोन फोर-बाय-फोर गाड्यांच्यात. किंमत, मायलेज, दारं किती ते त्याचं त्याने बघावं. मी फक्त गाडी रुतल्यावरचं सांगतो.

जिम्नीत चाक हवेत भिरभिरलं की ब्रेकवालं ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतं आणि ताकद पलीकडच्या चाकाला मिळते. तुम्ही काही करायचं नाही, स्टिअरिंगही जड होत नाही. पण आधी चाक घसरायलाच हवं. ओल्या खडकावर तेवढा उशीरही नडतो: खडखडाट, गाडी इंचभर मागे, आणि आपण धीर धरून ॲक्सिलरेटर दाबलेला. लांब चढावर ब्रेक तापतात ते वेगळंच.

गुरखात पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलला लावायचं कुलूप. लावला की त्या ॲक्सलची (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. एक अधांतरी असलं तरी दुसरं गाडी ओढतं. मात्र कधी लावायचा, कधी काढायचा ही अक्कल तुमची. पुढचा लावून वळायला गेलात तर गाडी सरळच रेटत जाते. कोरड्या डांबरावर तर लावूच नका, टायर आणि ॲक्सल दोन्ही पिळवटतात.

दोन्ही एकत्र मिळालं तर? मागे लॉक, पुढे ब्रेकवाली यंत्रणा, ही माझ्या मते झकास जोडी, वळताही येतं. फक्त बऱ्याच गाड्यांत लॉक लावताच ट्रॅक्शन कंट्रोल, कधी एबीएससुद्धा (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), बंद पडतं. मॅन्युअल आधी वाचा.

पावसाळी शेतरस्ता, अधूनमधून घाट: जिम्नी. दगडी ओढे, खोल चाकोऱ्या, शिकायची तयारी: गुरखा.