रेकॉर्डिंग कशात करावं: एमपीफोर की एमकेव्ही?

आजीच्या ओव्या रेकॉर्ड करत होतो. दीड तासाने वीज गेली, संगणक बंद पडला. फाइल १ जीबीहून मोठी, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. ती एमपीफोर होती. एमकेव्ही असती तर बहुतेक सगळ्या ओव्या वाचल्या असत्या.

व्हिडिओ फाइलचे हे दोन्ही प्रकार नुसते डबे आहेत. आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज (चित्र आणि आवाज दाबून लहान करण्याच्या या पद्धती) भरला, तर दर्जा दोन्हींत अगदी सारखाच. वेगळी असते ती आतली मांडणी.

एमपीफोर ॲपलच्या क्विकटाइमवरून घडलं. त्यात 'बॉक्स' असतात: आधी ४ बाइटांत आकार, पुढच्या ४ बाइटांत नाव. 'एमडॅट' या बॉक्समध्ये चित्र-आवाजाचा सगळा माल एकत्र ओतलेला. कुठली फ्रेम कुठल्या बाइटपासून सुरू होते, केवढी आहे, किती वेळ दिसायची, हे सगळं 'मूव्ह' नावाच्या दुसऱ्या बॉक्समध्ये. रेकॉर्डिंग संपल्याशिवाय ही यादी पुरी होत नाही, म्हणून ती साधारणपणे शेवटी लिहिली जाते. माझ्या फाइलमध्ये माल होता, यादी नव्हती.

एमकेव्ही, म्हणजे २००२ पासूनचं मात्रोस्का, हे नाव एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून आलंय. यात माल छोट्या 'क्लस्टर'मध्ये बांधतात. प्रत्येक क्लस्टरवर स्वतःची वेळ, आतल्या प्रत्येक ब्लॉकवर, म्हणजे मालाच्या छोट्या तुकड्यावर, ट्रॅकचा (तो चित्राचा की आवाजाचा, याचा) क्रमांक. 'क्यूज' ही सूची इथेही असते, पण ती नसली तरी फाइल चालते. फक्त पुढे-मागे सरकवताना अडखळते.

पाठवायला मात्र एमपीफोरच. आयफोनवर, जुन्या टीव्हीवर एमकेव्ही चालेलच असं नाही. वेबसाइटवर ठेवायची असेल तर 'फास्टस्टार्ट' हा पर्याय वापरून मूव्ह पुढे आणा, म्हणजे फाइल पूर्ण उतरण्याआधीच व्हिडिओ सुरू होतो. तुकड्यातुकड्याने यादी लिहिणारं 'फ्रॅगमेंटेड' एमपीफोरही आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर जरूर वापरा.

मराठी सबटायटल जोडणार असाल तर एमकेव्हीकडे माझा कल आहे, कारण देवनागरी फॉन्टही त्याच फाइलमध्ये घालता येतो.

म्हणून रेकॉर्डिंग एमकेव्हीत करा आणि नंतर एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 'कॉपी' पर्यायाने एमपीफोरमध्ये हलवा. पुन्हा एन्कोडिंग (चित्र-आवाज नव्याने दाबणं) होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि वेळही फार लागत नाही.

ती फाइल मी पुसलेली नाही. त्याच सेटिंगवर केलेली एखादी धड फाइल नमुन्याला दिली, तर हरवलेली यादी कधीकधी पुन्हा बांधता येते. सध्या तेच करून बघतोय.