साथीच्या काळात गरोदर बाईची तपासणी: फोन की घरभेट?

कोरोनासारख्या साथीत आरोग्य उपकेंद्रातल्या एएनएमपुढे (नर्सबाईपुढे) पेच असतो: घरी जायचं की फोनवर भागवायचं?

संसर्गाचा धोका फोनला शून्य. घरभेटीत तो कमी करता येतो. ताप-खोकला आणि बाकीचं बोलणं आधी फोनवर उरकायचं, मग ओसरीत किंवा अंगणात, दोघींना मास्क, फक्त तपासणी. प्रत्येक घरानंतर बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप स्पिरिटने पुसायचा. एकच हातमोजे घालून घरोघर फिरणं घातक. त्यापेक्षा हात धुवा.

खरा फरक काय सापडतं यात आहे. अंगावरून जाणं, पाणी जाणं, डोकेदुखी फोनवर कळते. पण बीपी १४०/९० वर गेलं तरी बाईला बरेचदा काहीच जाणवत नाही. लघवीतली प्रथिनं, हिमोग्लोबिन, पोटाची वाढ, बाळाचे ठोके यांना हात लावल्याशिवाय इलाज नाही. शिवाय फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि सासू शेजारी असली की "बरं आहे" एवढंच उत्तर. म्हणून "बाळ हलतं का?" नको, "सकाळपासून कधी कधी हललं?" असं विचारा.

वेळ-खर्चात फोन स्वस्त, पाड्यावर रेंज असेल तर.

पहिल्या तपासण्या व्यवस्थित असतील तर मधल्या महिन्यांत एखादी फेरी फोनवर चालेल. नोंदणी, शेवटचे दोन महिने, आधीचं सिझर, वाढतं बीपी आणि बाळंतपणानंतरचा तिसरा व सातवा दिवस यांना घरभेटच हवी. हिमोग्लोबिन ७ च्या खाली किंवा अंगावरून रक्त जात असेल तर दोन्ही नको, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय.